चौदा सालची देलिमा

१ जानेवारी १९३७, शुक्रवार

नवं वर्ष, नवी वही. वही कसली, शाळेतली जुनीच, मागची पानं कोरी होती.

आज बाबांचा आशीर्वाद घ्यायचा दिवस. हा मान घरातल्या थोरल्याचा. पण आल्फेर आणि नापोलेओं दोघंही सीमेपलीकडे अमेरिकेत, सूतगिरणीत. म्हणून थोरली मीच आणि धाकटीही मीच. सकाळी चुलीसमोर गुडघे टेकले, बाबांनी डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटायला लागले. मी मनाशी ठरवलं होतं तसं, हात डोक्यावर असतानाच बोलून टाकलं, "बाबा, मेदेरिक तुरकॉतनं मला मागणी घातलीय."

हात उचलला गेला.

"वय काय तुझं?"

"मार्चमध्ये वीस पुरी होतील."

"एकवीस झालीस की कायदा तुझा. तोवर या घरात कोण राहणार आणि कोण जाणार ते मी ठरवणार. ऊठ, पाव करपतोय."

संपलं. मागच्या उन्हाळ्यापासून घोकलेलं भाषण घशातच राहिलं.

पुढच्या मार्चपर्यंत थांबायला माझी ना नाही. पण उत्तरेला आबितिबीत जंगल तोडून शेती करायला जमीन देतायत, ती फक्त लग्न झालेल्यांना. मेदेरिकचं नाव यादीत लागलंय आणि गाडी बारा मेला निघते. तो एकटा गेला तर जमीन नाही, नाही गेला तर यादीतून नाव जातं. आणि मग जन्मभर सावत्र भावाच्या शेतावर राबायचं. असा माणूस माझ्यासाठी किती वर्षं झुरत बसेल? मी त्याच्या जागी असते तर नसते बसले.

आत्या खुर्चीत मोजे विणत सगळं ऐकत होती. बाबा गोठ्यात गेल्यावर म्हणाली, "मागायची जागा छान शोधलीस हो. गुडघे टेकून मागितलेलं देवसुद्धा देत नाही, आणि हा तर ओनेझिम, तुझा बाप!"

वर्षाची सुरुवात हिच्या तोंडून व्हायची होती.

१० जानेवारी, रविवार

आमच्याकडे प्रत्येक घर एक पोरगी राखून ठेवतं. म्हातारपणची काठी म्हणून. एक्झिल्डा आत्या आजोबांची काठी होती. आजोबा जाऊन अठरा वर्षं झाली, आत्या अजून मागच्या खोलीत आहे. अठ्ठावन्न वर्षांची.  आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, तेव्हापासून पुढची काठी मी. कोणी विचारलं नाही, मी विचारलं नाही.

आज नवीनच झेंगट. बाबांचे चुलतभाऊ तेओद्यूल काका अमेरिकेतून पत्रांवर पत्रं पाठवतायत, की आपल्या घराण्याची वंशावळ काढून पाठवा, इथं सगळे नातलग जमणार आहेत, चौकट करून भिंतीवर लावू. आधीची तीन पत्रं आत्यानंच चुलीत घातली. "मेलेल्यांना टांगायला खिळा पाहिजे यांना!" म्हणाली होती. आणि आज चौथं पत्र आलं तर काय, हॅट घातली आणि चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर पत्र घेऊन तडक फादर ग्रोंदेंसमोर उभी! "आमच्या पोरीचं अक्षर चांगलं आहे. मंगळवार-गुरुवार दुपारी येईल. नोंदवह्या काढून ठेवा."

मला विचारलं? छे! काठीला कोणी विचारतं का?

बाबा कुरकुरले, पण फादरांपुढे काय बोलणार.

१९ जानेवारी, मंगळवार

फादरांच्या घरात आमच्या घरापेक्षा जास्त ऊब आहे, एवढं मान्य करते. फादर ग्रोंदें शहरातले. इथं येऊन चार वर्षं झाली, तरी बर्फातून चालताना अजून बायकांसारखा झगा उचलून धरतात. त्यांची स्वयंपाकीण मादाम ओबे मला चहा देते आणि बदल्यात गावभरच्या बातम्या काढून घेते.

नोंदवह्या म्हणजे डोक्याला ताप. एका पानावर नऊ मुलींचे बाप्तिस्मे, नऊच्या नऊ मारी. सात मुलगे, सातही जोझेफ. पुढे बाळाला बाप्तिस्म्याला धरणाऱ्या धर्ममातेचं किंवा धर्मपित्याचं नाव, आणि शेवटी हाक मारायचं नाव. कुणी मधलंच लिहिलंय, कुणी शेवटचं. स्वर्गात हाक मारली की सगळं गाव एकदम वळून बघत असेल.

त्यात आमची आडनावं दोन. पहिला पूर्वज शिपाई म्हणून आला, त्याचं नाव ब्राशे. पलटणीत प्रत्येकाला टोपणनाव द्यायचे, ह्याला दिलं साँशाग्रँ, म्हणजे ज्याला दुःख नाही असा. ते ऊर्फ पुढच्या सात पिढ्यांना चिकटलं. गावात आम्ही साँशाग्रँ, वहीत ब्राशे. गंमत अशी की जुने पाद्री आपल्या लहरीप्रमाणे कधी हे लिहायचे कधी ते. सख्खे भाऊ दोन आडनावांनी पुरलेले आहेत.

दुःख नसलेल्यांचं घराणं! येऊन बघावं त्या शिपायानं.

४ फेब्रुवारी, गुरुवार

येताना मेदेरिक लाकडाच्या वखारीपाशी भेटला. मिशांवर बर्फ. म्हणाला, "तुझ्या बाबांना सांग, मीच येऊन पाव भाजतो. तू जा आबितिबीला झाडं तोडायला."

"तुझ्या हातचा पाव खाऊन बाबा मेले तर?"

"मग अडचणच मिटली की!"

हसले, आणि हसता हसताच रडायला आलं. त्यानं हातमोजा काढून माझा गाल पुसला. रस्त्यावर! दिवसाढवळ्या! कुणी बघितलं असेल तर बाबांपर्यंत पोचायला घटकाभरही लागणार नाही.

घरी आल्यावर आत्या, "कुठवर आली वंशावळ?"

"एकोणीसशे एक."

"मुंगीच्या पावलानं चाललीस. चौदा साल कधी येणार?"

"येईल तेव्हा येईल. चौदा सालात काय सोनं पुरलंय?"

"मेलेल्यांकडे नीट बघ, पोरी. जिवंत माणसांचं तर तुला काही दिसतच नाही."

एवढं लावून बोलली आणि टाके मोजत बसली. हिला माझा काय राग आहे कळत नाही. मी गेले तर स्वयंपाक हिच्या गळ्यात पडेल, हीच धास्ती असणार.

१८ फेब्रुवारी, गुरुवार



चौदा सालची वही. ९ फेब्रुवारी १९१४. *मारी-एक्झिल्डा-देलिमा, ओनेझिम ब्राशे आणि जोसेफिन लेवेक यांची वैध कन्या. धर्ममाता, एक्झिल्डा ब्राशे.*

माझं नाव. माझे आईबाप. माझी धर्ममाता. फक्त साल माझं नाही. माझा जन्म तीन मार्च एकोणीसशे सतरा, तीही नोंद आहे, शब्दन् शब्द तीच.

याचा अर्थ काय ते इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आमच्याकडे नाव वाया घालवत नाहीत. एक बाळ गेलं की पुढच्याला तेच नाव. वहीत असे किती जोझेफ-आल्सीद एकामागून एक लागलेले मी स्वतः उतरवलेत, आणि दर वेळी मादाम ओबेला म्हटलंय, "हा दुसरा, पहिला गेला वाटतं," आणि चहाचा घोट घेतलाय.

पण मी दुसरी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं नाही. कुणीच नाही. वीस वर्षं मी दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालून फिरतेय.

तिच्या दफनाची नोंद शोधली. चौदा, पंधरा, सोळा. नाही. ब्राशे नावाखाली नाहीच. क्षणभर वाटलं, ती जिवंत आहे आणि कुठंतरी दुसरीकडे वाढतेय. कसले कसले विचार येतात.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली. ब्राशेखाली नाही, साँशाग्रँखाली. मे १९१५. तेव्हाचे फादर आजारी होते, बदलीवरच्या कुणा परक्या पाद्र्यानं कबर खणणारा सांगेल तसं लिहिलंय, *ओनेझिम साँशाग्रँची मुलगी, अकरा महिने, जानेवारीत निवर्तली, जमीन मोकळी झाल्यावर पुरली.* नावसुद्धा नाही. हिवाळ्यात जमीन दगड होते, म्हणून इथं मढी चार महिने दगडी कोठीत ठेवतात. तिथं होती ती बर्फ वितळेपर्यंत.

यादीतून शोधणाऱ्याला ती कधीच सापडायची नाही. मला सापडली, कारण माझं दुसरं आडनाव मला ठाऊक आहे.

३ मार्च, बुधवार

वीस पुरी. उपवासाचे दिवस, म्हणून केक नाही. वाटाण्याचं सूप, तेही बिनचरबीचं.

दुपारी बाबा बर्फ उपसायला गेल्यावर आत्याला सरळ विचारलं, "पहिली देलिमा कशानं गेली?"

सुया थांबल्या. मला वाटलं आता अंगावर येईल. पण हळू बोलली.

"डांग्या खोकल्यानं. तुझा बाप लाकूडतोडीच्या छावणीत होता, वर रानात. वाटा बंद. कोण निरोप नेणार? मार्चअखेर उतरला. हातात लाकडाचा घोडा, स्वतः कोरलेला. दारातूनच हाका मारायला लागला, 'देलिमा, देलिमा' करून. पाळणा माळ्यावर टाकलेला."

"मग?"

"मग काय. घोडा चुलीत घातला आणि गोठ्यात गेला. तू झालीस तेव्हा जोसेफिनला तुझं नाव मारी-आंज ठेवायचं होतं. हा हटून बसला. देलिमाच. नाव ठेवलं, पण हाक मारता येईना. कधी ऐकलंयस त्याच्या तोंडून?"

विचार करून बघितलं. पोरी. ए पोरी. ही पोरगी. खरंच नाही ऐकलं.

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. राग आला. म्हणजे मी मुळात भरपाई होते. एकदा देलिमा हातची गेली, आता दुसरी जाऊ द्यायची नाही, म्हणून मला या खोलीत डांबून ठेवायचं. मेलेल्या बाळाचं जू माझ्या मानेवर!

आत्या म्हणाली, "ती असती तर आज तेवीसची असती. सज्ञान. कुणाच्या बापाला विचारायला नको."

आणि पुन्हा विणायला लागली. माझ्याच वाढदिवशी माझ्या जखमेवर मीठ.

१४ मार्च, रविवार

एक विचार डोक्यात शिरलाय आणि निघत नाही. इथं लिहितानाही भीती वाटते.

तेवीस.

लग्नाला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. दाखल्यावर नाव, आईबाप, साल. बस्स.

पापनिवेदनाला जायचं म्हटलं तर जाळीपलीकडे फादर ग्रोंदेंच. त्यांना काय सांगू, की तुम्हांला फसवायचं मनात आहे, आधीच माफ करा?

२५ मार्च, गुरुवार

मेदेरिकला सांगितलं. आधी तोंड वासून बघत राहिला, मग ओरडला, "म्हणजे तू माझ्यापेक्षा मोठी? मला म्हातारी बायको मिळणार?"

"हळू बोल, मूर्खा!"

मग टोपी मागे सारली. म्हणाला, "देलिमा, हे चोरीसारखं वाटतंय."

"कुणाची चोरी? तिला काय उपयोग आहे त्या सालाचा?"

बोलून गेले आणि माझीच जीभ चावली. अकरा महिने जगली बिचारी, आणि मी तिचं वय पळवायला निघालेय. पण पळवलं नाही तर काय? आज सकाळी आत्याच्या खोलीत केर काढायला गेले. खिडकीच्या चौकटीवर सुईनं मारलेल्या रेघा आहेत, एका रांगेत, चाळीसेक असतील. मी कधी नीट बघितल्या नव्हत्या. "हे काय गं?" विचारलं तर म्हणे, "हिवाळे."  केर तसाच टाकून बाहेर आले.

६ एप्रिल, मंगळवार

केलं.

ईस्टर होऊन गेलं, आता लग्नाला मुभा. वंशावळीचे कागद फादरांच्या टेबलावर ठेवले आणि त्याच दमात म्हटलं, "फादर, मला माझा दाखला हवाय. लग्नासाठी."

"वडिलांची परवानगी?"

"मी सज्ञान आहे. चौदा सालची वही, पान सहा."

त्यांनी वही उघडली. बोट ओळीवर फिरलं. एकदा फिरलं, दोनदा फिरलं. मला वाटलं आता ते सतरा सालची मागतील. 

"तेवीस," ते म्हणाले. "दिसत नाहीस तेवढी."

"आमच्या घराण्यात वय दिसत नाही, फादर."

"असं? मग एक कर. धर्ममाता हयात आहे ना? तिला घेऊन ये. तिनं सांगितलं की पुरे."

 सगळं संपलं असं वाटलं. आत्या! जगात एकच बाई मला बुडवू शकते आणि तिलाच बोलवायचं!

८ एप्रिल, गुरुवार

मी काही सांगितलंही नव्हतं. नुसतं म्हटलं, फादरांनी बोलावलंय. तिनं हॅट घातली आणि चालायला लागली, एवढ्या चिखलातून.

फादरांनी विचारलं, "एक्झिल्डाबाई, ९ फेब्रुवारी १९१४ ला बाप्तिस्मा झालेली मारी-एक्झिल्डा-देलिमा हीच का?"

आत्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ओनेझिमच्या देलिमाला मी माझ्या हातांनी बाप्तिस्म्याला नेलं. बाहेर उणे पंचवीस होतं. शाल माझीच होती. हवं तर बायबलवर हात ठेवून सांगते."

"शपथेची गरज नाही," फादर घाईघाईनं म्हणाले आणि टाक उचलला.

परतताना वळणापर्यंत तिच्यामागून चालले. शेवटी म्हटलं, "आत्या, का केलंस?"

"मी काय केलं? मला विचारलं ते सांगितलं. चिखलातून पाय उचल, बूट एकुलते एक आहेत."

का केलं कोण जाणे. बहुधा मी गेले की सगळं स्वयंपाकघर हिच्या राज्यात येईल म्हणून.

दुसरं एक नशीब. बाहेर पडताना मादाम ओबे म्हणाली, पंधरा आणि सतरा सालच्या वह्यांची शिवण उसवलीय म्हणून फादरांनी कालच त्या बांधायला शहरात पाठवल्या. जुलैपर्यंत यायच्या नाहीत. माझ्या हाताळण्यानंच उसवली असणार, पण वेळ कशी साधली बघा!

१८ एप्रिल, रविवार

लग्नाचा पहिला पुकारा; असा तीन रविवार वाचतात. बाबांना काही सांगितलं नव्हतं. धीरच झाला नाही.

फादरांनी प्रवचनाआधी वाचलं, "मेदेरिक तुरकॉत... आणि मारी-देलिमा ब्राशे, ओनेझिम ब्राशे आणि कैलासवासी जोसेफिन लेवेक यांची सज्ञान कन्या. कुणाला हरकत असल्यास त्यानं सांगावं."

बाबा उठले. बाकाची कड घट्ट धरून अर्धे उठले, तोंड उघडलं. सगळं चर्च आमच्याकडे वळलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते खाली बसलेले होते. हनुवटी छातीवर.

गुडघा धरला असणार. थंडीत त्यांचा डावा गुडघा दगा देतो.

 

१९ एप्रिल, सोमवार

आज जेवताना बोलले. माझ्याशी नाही, आत्याशी.

"चौदा सालची जिवंत आहे, तर मग सतरा सालची कुठंय?"

आत्या पाव मोडत राहिली.

"एक्झिल्डा, मी विचारतोय. दोन होत्या. एक गेली. कुठली गेली?"

"फादरांकडे जा आणि सांग," आत्या म्हणाली. "जवळच आहे. सांग, माझी थोरली देलिमा मेली. तोंडानं सांग. बावीस वर्षांत एकदा तरी सांग, ओनेझिम. मग ही पोरगी तुझीच, ठेव बांधून."

बाबांचा चमचा ताटलीवर वाजत होता.   मला वाटलं आता उठतील, टोपी घालतील, जातील. उठले, पण गोठ्याकडे गेले.

आत्या म्हणाली, "नाही जायचा."

गावात शोभा होईल म्हणून घाबरले, दुसरं काय. माणसाला मुलीपेक्षा आपलं नाक मोठं.

२ मे, रविवार

तिसरा पुकारा झाला. हरकत नाही.

दोन आठवडे झाले, बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ओरडत नाहीत, चिडत नाहीत. मी समोर ताटली ठेवली तरी नजर माझ्यातून आरपार भिंतीवर. काल दारात समोरासमोर आलो तर मी जणू नाहीच. थेट चालत आले, मलाच बाजूला व्हावं लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दाराचं कुलूप निघालंय आणि माझे पाय हलत नाहीयेत. आबितिबीत एकदम आठवण आली तर काय करू? पत्र लिहू कुणाला?

मेदेरिक विचारतो, "आनंद झाला ना?" हो म्हणते.

१० मे, सोमवार

उद्या सकाळी सातला लग्न. साक्षीदार म्हणून बाप असतो, माझ्या बाजूनं मेदेरिकचे मामा उभे राहणार.

दुपारी मादाम ओबे धापा टाकत आली. स्वयंपाकघरात मी एकटीच बघून माझा हात धरला. "अगं, तुझे बाबा आले होते. बुधवारी सकाळी मृतात्म्यासाठी मिस्सा सांगितलीय. देलिमाच्या नावानं!"

मी म्हटलं, "थोरलीसाठी असेल. शेवटी एकदाचं."

"फादरही तेच म्हणाले. म्हणाले, 'ओनेझिम, बाप्तिस्मा झालेलं तान्हं बाळ सरळ देवाकडे जातं, त्याला मिस्सेची गरज नसते.' तर तुझे बाबा म्हणाले, 'ठाऊक आहे मला. थोरलीचं लग्न आहे ना उद्या. मिस्सा धाकटीसाठी आहे.'"

मादाम ओबे रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. मग पेटी भरायला घेतली. चादरी, आईचं कातरकामाचं सामान, दोन लोकरी परकर. यादी करत राहिले म्हणजे विचार येत नाहीत.

११ मे, मंगळवार

लग्न झालं. वहीत सही केली. वयाच्या रकान्यात फादरांनी लिहिलं, तेवीस.

आत्यानं स्वतःची लोकरी शाल दिली. जुनी, कडेला पिवळी पडलेली. "थंडी असते तिकडे," एवढंच म्हणाली. मी तिला मिठी मारली तर लाकडासारखी उभी राहिली. मग कानाशी म्हणाली, "मागं वळून बघायचं नाही. वळलीस तर थोबाडीत देईन."

आजची रात्र मेदेरिकच्या मामांकडे.

१२ मे, बुधवार. स्टेशनवर

गाडी उशिरा आहे. मेदेरिक पेट्यांवर बसून पाईप ओढतोय. मी इथं बाकावर.

सकाळच्या मिस्सेला गेले. मेदेरिक नको म्हणत होता. "स्वतःच्या मर्तिकाला कोण जातं? अपशकुन!" मी म्हटलं, दुसरं कोण जाणार मग?

शेवटच्या बाकावर बसले. फादरांनी काळा झगा घातला होता. पहिल्या बाकावर बाबा एकटे, स्वतःच्या लग्नातला काळा कोट घालून. आत्या पुढं बसायची सोडून मागं माझ्या शेजारी आली, म्हणाली पुढं गार वारा लागतो. पाच-सहा म्हाताऱ्या होत्या, एकमेकींकडे आणि माझ्याकडे बघत. फादरांनी नाव घेतलं, मारी-देलिमा. आत्मा शांती पावो. सगळ्यांबरोबर मीही म्हटलं.

नंतर बाबा दारात जाऊन उभे राहिले, घरातलं कुणी वारलं की उभे राहतात तसे, टोपी हातात घेऊन. बायका एकेक करून त्यांचा हात हातात घेत बाहेर पडायला लागल्या. बाजूचं दार उघडं होतं. मला तिकडून जाता आलं असतं. आत्यानं कोपरानं ढोसलं.

मी पुढे झाले आणि हात केला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"आलात, फार बरं केलंत, मादाम," ते म्हणाले. "तुम्हांला आज लांबचा प्रवास आहे ना?"

मी मान हलवली.

"माझी धाकटी होती. वीस वर्षांची." हात सुटत नव्हता. "फार गुणी पोर. गोठ्यातून येताना माझी पावलं वाजली की मी पायरीवर पोचायच्या आत दार उघडायची. कडाक्याच्या थंडीत मला दारात कधी उभं राहावं लागलं नाही. तिला कधी बोलून दाखवलं नाही मी."

 मग अशा वेळी सगळे म्हणतात तेच म्हटलं, "देव तुम्हांला बळ देवो, ब्राशेमहाशय."

"देईल," बाबा म्हणाले. माझा हात सोडला आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या मादाम ओबेचा हात हातात घेतला.